चट्टोपाध्याय लागेपर्यंत: एका जिल्हा परिषद शिक्षिकेचा वरिष्ठ वेतनश्रेणीचा प्रवास

मी १२ ऑगस्ट २००९ ला नोकरीत रुजू झाले. म्हणजे १२ ऑगस्ट २०२१ पासून मला बारा वर्षांच्या सेवेनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी, आपल्या बोलण्यात 'चट्टोपाध्याय', देय झाली. तिचा फरक खात्यात जमा झाला २०२४ च्या डिसेंबरात. मधल्या काळात काय काय घडलं ते क्रमाने लिहितेय, कारण प्रस्ताव करताना मला हवं ते कुठेच सापडत नव्हतं. शासन निर्णयांच्या पीडीएफ व्हॉट्सअॅपवर ढिगाने येतात. पण अर्धी नोकरी एका जिल्ह्यात आणि अर्धी दुसऱ्या जिल्ह्यात झालेली असेल तर पहिला कागद कुणाच्या टेबलावर ठेवायचा, हे त्यांत नसतं.

माझी पहिली नेमणूक कोकणात झाली, शिक्षण सेवक म्हणून. प्राथमिकला तेव्हा महिना ३,००० रुपये मानधन होतं. (आता ते १६,००० आहे, जानेवारी २०२३ पासून.) तीन वर्षांनी नियमित झाले, आणि २०१८ मध्ये आंतरजिल्हा बदलीने मराठवाड्यात, घरच्या जिल्ह्यात आले. आंतरजिल्हा बदलीत सेवाज्येष्ठता जाते, नव्या जिल्ह्यात तुम्ही यादीच्या तळाशी. पण वरिष्ठ वेतनश्रेणीसाठी आधीची सेवा धरली जाते, आणि माझ्या बाबतीत शिक्षण सेवक म्हणून काढलेली तीन वर्षंही धरली गेली. हे दोन मुद्दे बदलीवाल्यांनी पक्के लक्षात ठेवावेत. "तुमची सेवा तर २०१८ पासूनची" असं सांगून परत पाठवणारं कुणीतरी भेटतंच. त्या वेळी मूळ नियुक्ती आदेश, नियमित केल्याचा आदेश आणि बदलीचा आदेश असे तीन कागद हातात असले की वाद वाढत नाही.

शिक्षक नसलेल्यांसाठी थोडं सांगते. प्राथमिक शिक्षकाला बढतीच्या जागा फार कमी. बहुतेक जण शिक्षक म्हणून लागतात आणि शिक्षक म्हणूनच निवृत्त होतात. म्हणून डी. पी. चट्टोपाध्याय यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय शिक्षक आयोगानंतर त्रिस्तरीय वेतनश्रेणी आली. आपल्या राज्यात २ सप्टेंबर १९८९ चा शासन निर्णय आहे. बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी, चोवीस वर्षांनी निवड श्रेणी, आणि निवड श्रेणी सगळ्यांना नाही, वीस टक्क्यांच्या मर्यादेत. इतर राज्य कर्मचाऱ्यांना २०१९ च्या निर्णयाने दहा-वीस-तीस वर्षांची आश्वासित प्रगती योजना लागू झाली. आमचं बारा-चोवीसच चालू राहिलं.

मला बारा वर्षं पूर्ण होण्याच्या चार वर्षं आधी या श्रेणीवरून मोठा वाद झाला होता. २३ ऑक्टोबर २०१७ च्या शासन निर्णयाने नुसती बारा वर्षं आणि प्रशिक्षण पुरेसं नाही असं ठरवलं. शाळा 'प्रगत' हवी, शाळासिद्धी या शाळांच्या मूल्यांकनात 'अ' श्रेणी हवी. नववी-दहावीला शिकवणाऱ्यांना निकाल ऐंशी टक्क्यांच्या वर हवा. म्हणजे पगार निकालाला बांधला. नोव्हेंबरात जिल्ह्याजिल्ह्यांत मोर्चे निघाले. बाहेरच्यांना त्यात 'गुरुजींना काम नको, पगार हवा' एवढंच दिसलं. माझा सख्खा दीर जेवताना म्हणाला, "वहिनी, आमच्या कंपनीत टार्गेट नाही झालं तर इन्सेन्टिव्ह नाही. तुम्हालाच का वेगळं?"

त्याला मी जे सांगितलं ते इथे आत्ताच्या शाळेच्या उदाहरणाने सांगते. शाळासिद्धीत सात क्षेत्रं आहेत आणि ४६ गाभामानकं. त्यातलं पहिलं क्षेत्रच शाळेच्या साधनसुविधांचं: मैदान, वर्गखोल्या, स्वच्छतागृह, पाणी, रॅम्प. माझी आत्ताची शाळा पहिली ते चौथी, दोन शिक्षकी. संरक्षक भिंत एका बाजूने पडलेली, त्यातून शेजारच्या म्हशी येतात. भिंतीचा ठराव ग्रामपंचायतीचा, मंजुरी पंचायत समितीची, निधी जिल्ह्याचा, आणि श्रेणी घसरली तर वेतनवाढ माझी थांबणार! पोरांचं म्हणाल तर वर्गातली निम्मी मुलं ऊसतोड कामगारांची. दिवाळी झाली की आईबापाबरोबर कारखान्यावर जातात. काही हंगामी वसतिगृहात राहतात, सगळी नाही. परत येतात गुढीपाडव्याच्या आसपास. संकलित चाचणी मार्च-एप्रिलमध्ये घेतली तर एक निकाल येतो, ऑक्टोबरात घेतली तर दुसराच. शिकवणारी बाई तीच असते.

दीर गप्प बसला नाही, बसणारही नव्हता. "मग कामचुकाराला पण तेवढाच पगार द्यायचा?" यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आजही गुळगुळीत उत्तर नाही. आमच्या केंद्रातले, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातले, एक सर रविवारीही चौथीची मुलं घेऊन बसतात. आणखी एक जण आहेत, त्यांचं सगळं लक्ष घड्याळावर. दोघांची नेमणूक एकाच यादीतली, त्यामुळे पगार रुपयाला रुपया सारखा. हे सलतं. पण ज्या मापाने मोजायचं ठरवलं होतं त्यात रविवारी बसणारे सर नापास होऊ शकत होते आणि घड्याळवाले पास, कारण त्यांची शाळा मोठ्या गावात, रस्त्यावर, भिंतीसकट. ऑगस्ट २०१९ मध्ये ती अट रद्द झाली. बारा वर्षं आणि प्रशिक्षण तेवढं राहिलं.

त्या प्रशिक्षणासाठीच पुढे थांबावं लागलं. कोरोनामुळे सगळंच तुंबलं होतं. ऑनलाइन नोंदणी निघाली २०२१ च्या अखेरीस, शुल्क २,००० रुपये. पैसे भरल्याची पावती आणि नोंदणी क्रमांक यांचा स्क्रीनशॉट काढून तो ईमेलवर स्वतःलाच पाठवून ठेवा. मोबाइल बदलला की गॅलरी जाते, ईमेल राहतो. प्रशिक्षण सुरू झालं जून २०२२ मध्ये, तेही ऑनलाइनच. व्हिडिओ बघायचे, प्रत्येक घटकानंतर चाचणी, शेवटी स्वाध्याय लिहून अपलोड. लॉगिनचा मेल कित्येकांना आलाच नाही, कुणाला दुसऱ्याच्या नावाने आला. आमच्या गावात रेंज फक्त शाळेच्या गच्चीवर, म्हणून शाळा सुटल्यावर गच्चीवर बसून मी ते पुरं केलं. आशय वाईट नव्हता, मूल्यमापनावरचा भाग तर मला आवडला. पण व्हिडिओ नुसता चालू ठेवून भाकरी थापणाऱ्यालाही तेच प्रमाणपत्र मिळालं. त्यानंतरच्या तुकड्यांना प्रत्यक्ष हजर राहून प्रशिक्षण करावं लागलं असं ऐकते. प्रमाणपत्र डाउनलोड होताच त्यावरचं नाव आणि शाळेचा यूडायस क्रमांक तपासा. चुकलं असेल तर दुरुस्ती तेव्हाच होते, नंतर कुणी दाद देत नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये प्रस्ताव तयार केला. आमच्या तालुक्यात लागलेले कागद असे: विहित नमुन्यातला अर्ज, नियुक्तीचे ते तीन आदेश, सेवापुस्तकाच्या संबंधित पानांच्या साक्षांकित प्रती, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, एमएससीआयटी, शैक्षणिक व व्यावसायिक गुणपत्रकं, जात वैधता, मत्ता व दायित्व विवरण, विभागीय चौकशी चालू नसल्याचा दाखला, बाराही वर्षांचे गोपनीय अहवाल (सीआर, म्हणजे वरिष्ठांनी दरवर्षी कामाबद्दल लिहिलेले शेरे), आणि जादा रक्कम दिली गेल्यास ती वसूल करायला हरकत नाही असं हमीपत्र. तीन संच. झेरॉक्स आणि स्पायरलचे साडेतीनशे रुपये झाले. कागदाचा मार्ग असा: मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, तिथून जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी. प्रत्येक टप्प्यावर आवक क्रमांक घ्या. "दिलाय ना मॅडम, पोचतो" यावर जाऊ नका. माझ्या मैत्रिणीचा प्रस्ताव केंद्र ते पंचायत समिती या आठ किलोमीटरांत कुठेतरी हरवला, आणि आवक क्रमांक नसल्यामुळे तो दिलाच नव्हता असं ठरलं.

डिसेंबरात त्रुटी निघाली. आस्थापनेचे भाऊसाहेब, म्हणजे लिपिक, तसे सज्जन माणूस. फाइल माझ्याकडे वळवून म्हणाले, "मॅडम, सगळं बरोबर आहे, पण २०१८ च्या आधीचे सीआर कुठं आहेत?"

"जुन्या जिल्ह्यात असतील. सेवापुस्तकाबरोबर यायला हवे होते."

"यायला पाहिजे होते, पण आले नाहीत. आपल्याकडून पत्र देतो. पण पत्राचं काय, तुम्हाला माहितीच आहे. स्वतः जाऊन आणले तर लवकर होईल."

पत्र गेलं, स्मरणपत्र गेलं, उत्तर नाही. मग मार्च २०२३ आला. १४ तारखेपासून जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप. मी नोव्हेंबर २००५ नंतरची, म्हणजे पगारातून दहा टक्के एनपीएसला, नव्या पेन्शन योजनेला, जाणारी, त्यामुळे मीही संपात होते. २० तारखेला संप मिटला, पण मार्चअखेरच्या धांदलीत आमच्या फाइलींकडे कोण बघणार?

मेच्या सुट्टीत मी स्वतः कोकणात गेले. शाळा बंद असल्या तरी पंचायत समिती चालू असते, आणि लोक निवांत भेटतात. असल्या कामाला मे महिना उत्तम. एसटीत महिलांना अर्धं तिकीट नुकतंच सुरू झालं होतं, तो एक दिलासा. तिथल्या कार्यालयात जुन्या ओळखीचं कुणी उरलं नव्हतं. शिपाईमामांनी अभिलेख खोली उघडून दिली आणि म्हणाले, "बघा बाई, मिळाले तर तुमचे." लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे, वर्षवार लावलेले असायला हवे होते, पण केंद्रवार होते. कडेची पानं कसरीने खाल्लेली. दुपारपर्यंत सगळे सापडले, फक्त एक वर्ष सोडून. त्या वर्षाचा अहवाल उपलब्ध नसल्याचं पत्र तिथल्या गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या सहीने घेतलं. हे फार महत्त्वाचं. अहवाल नसेल तर तो नसल्याचा कागद हवा, नाहीतर त्रुटी तशीच राहते.

त्या गठ्ठ्यात २०१३-१४ चा अहवाल होता. तेव्हाचे केंद्रप्रमुख आता निवृत्त. ते वर्गात मागच्या बाकावर मुलांत बसायचे, तासभर. निळ्या शाईत त्यांनी लिहिलं होतं: "मुलांत मिसळतात. फलकलेखन नीटनेटके. मागे राहणाऱ्या मुलांना जादा वेळ देतात. गणितात शाब्दिक उदाहरणांवर अधिक भर हवा." शेवटचं वाक्य अगदी खरं होतं, मी शाब्दिक उदाहरणं टाळायचे. पुढच्या वर्षांच्या अहवालांत दुसऱ्या हस्ताक्षरात प्रत्येक रकान्यापुढे 'चांगले', 'चांगले', 'चांगले'.

जूनमध्ये ते सगळे अहवाल भाऊसाहेबांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी प्रत्येक पानाचा खालचा कोपरा बघितला, सही आणि शिक्का आहे का, प्रतवारी 'चांगली'च्या खाली नाही ना, आणि टिकमार्क केली. निळ्या शाईचं पानही तसंच उलटलं गेलं. मी त्यांना दोष देत नाही, त्यांच्यापुढे असे दोनशे प्रस्ताव होते. पण एवढ्या जाड फाइलीत मी शिकवते कशी, हे सांगणारा कागद तो एकच होता, आणि त्यातला मजकूर कुणी वाचावा अशी सोयच प्रक्रियेत नव्हती. दिराच्या प्रश्नाला मी आता निदान एवढं म्हणते: कामावर पगार द्यायचा तर आधी वर्गात येऊन बसणारा माणूस द्या. केंद्रप्रमुखाला बैठका, माहित्या आणि ऑनलाइन तक्त्यांतून सोडवा. तो जे लिहील ते वाचा. ते जोवर होत नाही तोवर बारा वर्षं हेच माप त्यातल्या त्यात बरं. त्यात अन्याय आहे, पण निदान ओळखीपाळखीवर ते हलत नाही.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं, पण लिहिते. मधल्या काळात "तालुक्याचे सगळे मिळून काहीतरी बघू" असा निरोप फिरला होता. कुणी दिले, कुणी नाही. मी दिले नाहीत. त्यामुळे माझं काम अडलं की नाही, हे मला सांगता येणार नाही. ज्यांनी दिले त्यांचा आदेशही माझ्याच यादीत निघाला एवढं खरं.

समितीची बैठक दोनदा पुढे गेली. आदेश निघाला ऑक्टोबर २०२३ मध्ये, यादीसह. आदेश हातात पडला की आधी तारखेचा रकाना बघा. माझ्यात १२ ऑगस्ट २०२१ होती, म्हणजे बरोबर. यादीत दोघांच्या नावापुढे प्रशिक्षण पूर्ण झाल्याची तारीख पडली होती. त्यांनी लगेच लेखी हरकत दिली.

आता पैशांचं. ज्यांना वाटतं की चट्टोपाध्याय लागलं म्हणजे घबाड मिळालं, त्यांच्यासाठी माझेच आकडे देते. माझी मूळ श्रेणी एस-१०, म्हणजे २९,२०० ते ९२,३००. वरिष्ठ श्रेणी एस-१३, म्हणजे ३५,४०० ते १,१२,४००. ऑगस्ट २०२१ मध्ये माझं मूळ वेतन ३९,२०० होतं. वेतननिश्चिती करताना एस-१० मध्ये एक वेतनवाढ धरली, ४०,४००. मग एस-१३ मध्ये त्याच्या लगतचा वरचा टप्पा, ४१,१००. बारा वर्षांनी मूळ वेतनात वाढ झाली १,९०० रुपये. त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता, एवढंच.

इथे एक विकल्प भरून द्यावा लागतो: निश्चिती देय तारखेपासून हवी की पुढच्या वेतनवाढीच्या तारखेपासून. मुदत आदेशापासून एक महिना. डोळे झाकून भरू नका, दोन्ही बाजूंनी कागदावर मांडून बघा. माझ्या बाबतीत देय तारखेपासून घेतलं तर १ जुलै २०२२ ला ४२,३०० होत होते. १ जुलैपासून निश्चिती घेतली तर एस-१० मध्ये ४०,४००, त्यावर एक वेतनवाढ ४१,६००, आणि एस-१३ मधला लगतचा टप्पा पुन्हा ४२,३००च. मग मधले साडेदहा महिने कशाला सोडायचे? म्हणून मी देय तारीख निवडली. काहींना उलटा विकल्प फायद्याचा पडतो, कारण टप्पे सरळ रेषेत नाहीत. शेजारच्या मॅडमना जे लागू पडलं ते तुम्हाला पडेलच असं नाही.

निश्चितीचं विवरण तयार झालं, सेवापुस्तकात नोंद झाली, लेखा विभागाकडून पडताळणी झाली. यात जानेवारी संपला. पडताळणीचा शिक्का पानावर उमटलेला स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि त्या पानाचा फोटो काढा. शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत नवीन वेतन लागलं मार्च २०२४ च्या पगारात. त्या महिन्याचा मेसेज आला तेव्हा मी चौथीच्या वर्गात भागाकार घेत होते आणि खरं सांगायचं तर काहीच वाटलं नाही. थकवा होता. रात्री नवऱ्याला आकडा दाखवला तर तो म्हणाला, "एवढ्यासाठी कोकणात गेली होतीस?" मग मात्र दोघंही खूप हसलो.

थकबाकीचं वेगळं देयक करावं लागतं आणि तरतूद आली की ते निघतं. तरतूद कधी येईल हे विचारू नये, कुणालाच माहीत नसतं. माझी थकबाकी साधारण ८७ हजारांच्या घरात होती, त्यातून एनपीएसची कपात जाऊन बाकी डिसेंबर २०२४ मध्ये जमा झाली. देयकाबरोबर महिनावार तक्ता जोडतात, त्याची प्रत मागून घ्या. महागाई भत्त्याचे दर मध्ये चार-पाच वेळा बदललेत, आणि माझ्या तक्त्यात एका सहामाहीला जुनाच दर लागला होता. देयक जायच्या आधी दिसलं म्हणून दुरुस्त झालं.

तो तक्ता आणखी एका कामाला लागतो. तीन-चार आर्थिक वर्षांचा फरक एकाच वर्षात जमा झाला की त्या वर्षी कर जास्त बसतो. त्यावर सवलत मिळते (माझ्या वेळी ती आयकर कायद्याच्या कलम ८९ खाली होती), पण त्यासाठी विवरणपत्र भरण्याआधी आयकराच्या संकेतस्थळावर फॉर्म भरावा लागतो (माझ्या वेळी फॉर्म १०ई). आधी विवरणपत्र आणि मग फॉर्म असं केलं तर सवलत नाकारल्याची नोटीस येते. आमच्या केंद्रात दोघांना आली. कोणत्या वर्षाचा किती फरक, हे फॉर्ममध्ये वेगवेगळं लिहायचं असतं, आणि ते त्या तक्त्याशिवाय जमत नाही. करसल्लागाराने माझ्याकडून पाचशे रुपये घेतले, सवलत त्याच्या कितीतरी पट मिळाली. तुमच्या देयकावर सही करण्याआधी लिपिकाकडून तक्त्याची प्रत मागायला तेवढी विसरू नका.